बारा गोळ्यांचा सूर्य

भिंतीवर एक घड्याळ आहे. व्यास ३३ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. मधोमध पितळेची छोटी गोल डबी, वाटी उपडी घातल्यासारखी. तिच्यातून बारा दिशांना पितळेच्या बारीक काड्या निघालेल्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला लाकडाचा रंगवलेला एक गोळा. तबकडी नाही, काच नाही, चौकट नाही, आकडा तर एकही नाही. काटे दोन, काळे. एकाच्या अंगावर त्रिकोण, दुसऱ्याच्या अंगावर लंबगोल. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ‘यात वाजले किती ते कळणार कसं?’ आणि विचारता विचारताच त्याला कळलेलं असतं: पावणेपाच.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या झीलंड या लहानशा गावातल्या हॉवर्ड मिलर क्लॉक कंपनीनं १९४८च्या सुमारास हे घड्याळ बाजारात आणलं. कंपनीच्या यादीत त्याला क्रमांक होता ४७५५. पुढे सगळे त्याला ‘बॉल क्लॉक’ म्हणू लागले आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी तर ‘अ‍ॅटॉमिक क्लॉक’ असंही नाव चिकटवलं. दुसरं महायुद्ध संपल्यापासून पुढची वीसएक वर्षं अमेरिका आणि युरोपातल्या घरांमध्ये असे सूर्य जिथे तिथे उगवत होते: घड्याळांवर, आरशांभोवती, ताटल्यांवर, दिव्यांवर, पडद्यांवर. त्या काळच्या शैलीला आज ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात, आणि तिची सगळ्यात पटकन ओळखू येणारी खूण म्हणजे ही किरणांची नक्षी. सनबर्स्ट. किरण चांदणीसारखे लांब-आखूड असले की स्टारबर्स्ट. दोन नावांमधली सीमारेषा व्यापाऱ्यांनाही पाळता येत नाही, आपणही तिच्या नादी लागायला नको.

या कंपनीच्या घड्याळांचं काम न्यूयॉर्कमधल्या जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयाकडे होतं. नेल्सन मूळचे वास्तुरचनाकार, पण लिहिण्या-बोलण्यात त्याहून वाकबगार. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस घड्याळावरचे आकडे वाचत नाही, काट्यांमधला कोन ओळखतो. शिवाय प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असताना भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांगण्याची नोकरी गेल्यातच जमा. ते आता घराचा दागिना आहे, तर दागिन्यासारखं दिसू दे.

बॉल क्लॉक कुणाच्या हातून कागदावर उतरलं, याची एक झकास गोष्ट नेल्सनच सांगत असत. एका संध्याकाळी ते आणि त्यांच्याकडे काम करणारे आयर्व्हिंग हार्पर घड्याळांची रेखाटनं करत बसले होते. तेवढ्यात शिल्पकार इसामू नोगुची आले, घुमट बांधणारे बकमिन्स्टर फुलर आले. पेले भरले गेले. मग एक जण रेखाटन करतोय, दुसरा त्याला बाजूला ढकलून ‘असं नाही, असं’ म्हणत स्वतः काढतोय, असा खेळ रात्रभर चालला. दुसऱ्या दिवशी कागदाची ती लांबलचक गुंडाळी उलगडून पाहिली तर तिच्यात कुठेतरी हे घड्याळ होतं. कुणी काढलं ते कुणालाच आठवेना. नेल्सन यांचा संशय नोगुचींवर.

गोष्ट ऐकायला छान आहे, आणि तेवढ्यासाठीच तिच्याकडे जरा सावधपणे बघावं. कारण नेल्सन यांच्या नावावर असलेली शंभराहून अधिक घड्याळं प्रत्यक्षात ज्यांनी केली ते हार्पर, यावर आता अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. हार्पर अबोल होते आणि कार्यालयाचा शिरस्ता ठरलेला होता: बाहेर जाणाऱ्या कामावर नाव एकच, नेल्सन यांचं. अठरा गोल गाद्यांचा १९५६चा ‘मार्शमेलो’ सोफाही हार्परांचाच, आणि हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचं प्रसिद्ध ‘एम’ अक्षराचं चिन्हही त्यांचंच.

आता त्या किरणांकडे वळू. घड्याळाला काड्या कशाला हव्यात? उत्तर अगदी व्यवहारी आहे. घड्याळाचं यंत्र मुठीत मावेल एवढं असतं आणि सोफ्यावरची भिंत असते दहा फुटांची. भिंत भरायची तर जुना उपाय म्हणजे मोठी तबकडी, मोठी चौकट, मोठी काच. वजन वाढलं, खर्च वाढला. काड्या लावल्या की तेच मुठीएवढं यंत्र ताटाएवढं दिसतं, परातीएवढंही दिसतं. मधली सगळी जागा हवेची, आणि हवेचे पैसे पडत नाहीत. वर आणखी एक सोय: मधली डबी तशीच ठेवून भोवतीचे आरे बदलले की नवं घड्याळ तयार. काड्यांच्या जागी धातूच्या जाड पट्ट्या घातल्या की छापखान्यातल्या तारकाचिन्हासारखं ‘अ‍ॅस्टेरिस्क’ घड्याळ. लाकडाच्या वाकवलेल्या पाकळ्या घातल्या की ‘सनफ्लॉवर’. दोन्हीकडे निमुळत्या लाकडी चात्या घातल्या की ‘स्पिंडल’. दरवर्षी ग्राहकाला नवं काही दाखवायचं असलेल्या कारखान्याला याहून काय हवं?

हे गणित देवघरात आपण रोज बघतो. चार बोटांची पितळी मूर्ती नुसती ठेवली तर कोनाड्यात हरवते. मागे प्रभावळ लावली की तीच मूर्ती कोनाडा भरून टाकते. कॅथलिक चर्चमध्ये पूजेसाठी मांडलेली पांढरी पातळ चकती तळहाताहूनही लहान असते, पण सोनेरी किरणांच्या पात्रात बसवली की ती शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही दिसते. जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या बॅसिलिकात मुख्य वेदीसमोर उभं राहून वर पाहा. संत इग्नेशियसच्या भव्य मूर्तीच्या वर सोन्यानं मढवलेला किरणांचा गोल आहे आणि त्यात ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरं. जेझुइट पंथाचं ते चिन्ह. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये शिल्पकार बर्निनीनं १६६६ साली पूर्ण केलेल्या सिंहासनामागे तर किरणांचा असा धबधबा आहे की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. त्याच शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं स्वतःलाच सूर्य ठरवून टाकलं आणि वर्सायच्या दरवाजांवर किरणांच्या मधोमध चेहरा बसवला.

या जुन्या सूर्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. मध्यभागी कुणीतरी असतं: देव, अक्षर, राजा. किरण त्या कुणाचे तरी चाकर असतात.

मग १९२०-३०च्या दशकात आर्ट डेको शैली आली आणि सूर्य अर्धा झाला. क्षितिजावर उगवणारा, खालून वर पंख्यासारखा पसरणारा. किरण रुंद, ठसठशीत, पाचरीसारखे. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा १९३०चा मुकुट आठवा. आणि तेवढं लांब कशाला जायचं? मुंबईत मरीन ड्राइव्हवरून किंवा ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या रांगेपासून चालत जा आणि गॅलऱ्यांचे कठडे, फाटकं, जिन्यांच्या जाळ्या बघत राहा. अर्ध्या सूर्यांची मोजदाद करता करता थकाल. कुलाब्याच्या १९३३च्या रीगल सिनेमाच्या प्रेक्षागृहात फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगात सूर्यकिरणांचीच सजावट केली होती. या सूर्यात मध्यभागी राजा उरला नव्हता, पण उद्याची आशा होती, यंत्रयुगाची पहाट होती. एकंदरीत तो सूर्य भाषण ठोकणारा होता.

युद्धानंतरचा सूर्य पुन्हा पूर्ण गोल झाला. पण रूप पालटलेलं. पाचरींच्या जागी काड्या आल्या, भरीव सोन्याच्या जागी मोकळी हवा आली, आणि काडीच्या टोकाला काहीतरी आलं: गोळा, ठिपका, चांदणी. दिवाळीची उपमा घ्यायची तर आर्ट डेको म्हणजे अनार, खालून वर उसळणारा. मिड-सेंच्युरी म्हणजे फुलबाजी. फुलबाजीकडे नीट बघितलंत तर प्रत्येक ठिणगी आधी बारीक रेघ होते आणि टोकाला पोहोचली की फुटून तिची चांदणी होते. नेमकी तीच आकृती १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या ‘फ्रान्सिस्कन’ या मातीच्या भांड्यांच्या नाममुद्रेनं ताटल्या-कपांवर छापली आणि तिला ‘स्टारबर्स्ट’ हेच नाव दिलं. निळसर आणि पिवळट हिरव्या रंगाच्या, लांब-आखूड टोकांच्या चांदण्या. ताटलीच्या एका कडेला गर्दी, दुसरीकडे मोकळं रान.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घ्यायला हवा. जुन्या वस्तूंच्या दुकानात असा दिवा दिसला, मध्ये गोळा आणि चहूकडे दांड्या, की दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘स्पुटनिक!’ रशियानं उपग्रह सोडला आणि जगभरच्या डिझायनरांनी त्याची नक्कल केली, असं अनेक पुस्तकांतही लिहिलेलं असतं. तारखा लावून बघा. स्पुटनिक उडाला ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. बॉल क्लॉक त्याच्या नऊ वर्षं आधीचं. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याची लहान मुलांचे कपडे टांगायची ‘हँग-इट-ऑल’, म्हणजे तारेच्या टोकांना रंगीत लाकडी गोळे, १९५३ची. फ्रान्सिस्कनच्या ताटल्या १९५४च्या. आणि खुद्द स्पुटनिक दिसायला कसा होता? ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा चकचकीत गोळा आणि त्याला फक्त चार अँटेना, त्याही सगळ्या एकाच बाजूला मागे वळलेल्या. झुरळाच्या मिशा असाव्यात तशा. चहूकडे किरण फेकणाऱ्या दिव्याशी त्याचं साम्य ओढूनताणूनच लावावं लागतं. खरं एवढंच झालं की आकार आधीपासून घराघरात होता, स्पुटनिकनं त्याला नाव दिलं. नाव मिळालं की वस्तू जास्त खपते.

‘स्पुटनिक’ हे टोपणनाव मिरवणारे जगातले सगळ्यात दिमाखदार दिवे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आहेत. १९६६ साली नवी इमारत उघडली तेव्हा ऑस्ट्रिया सरकारनं ते भेट दिले. व्हिएन्नाच्या लोबमायर या १८२३ सालापासूनच्या काचकाम करणाऱ्या पेढीचे हान्स हाराल्ड राथ यांनी ते घडवले. सांगतात ते असं, की जुन्या झुंबरांच्या वळणाची आधीची रचना वास्तुरचनाकार वॉलेस हॅरिसन यांना पसंत पडली नाही. त्यांनी राथ यांच्या हातात आकाशगंगांवरचं एक पुस्तक ठेवलं. राथ यांनी मग बटाटा घेतला, त्यात टूथपिक टोचत गेले आणि तोच नमुना म्हणून दाखवला. हे वाचल्यावर मला पहिली आठवण झाली ती लहानपणच्या वाढदिवसांची. कोबीच्या गड्ड्याला चंदेरी कागद गुंडाळून त्यात चीज आणि अननसाचे तुकडे लावलेल्या काड्या टोचायच्या, वर एकेक चेरी. मध्यमवर्गीय मुंबईत टेबलाच्या मधोमध असला एखादा ग्रह नसेल तर पार्टी झाली असं कुणी म्हणत नसे. ऑपेरातल्या झुंबरांपैकी काही प्रयोग सुरू होण्याआधी हळूहळू छताकडे उचलली जातात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांना रंगमंच नीट दिसतो. सूर्यांनी असं उठून बाजूला व्हावं आणि मग अंधार व्हावा, हे दृश्य नाटकाइतकंच नाट्यमय असतं.

स्पुटनिक नाही, तर मग ही टोकं आली कुठून? एक उत्तर प्रयोगशाळेत आहे. रसायनशास्त्राच्या वर्गातले काड्या-गोळ्यांचे रेणू सगळ्यांनी पाहिलेले असतात. बॉल क्लॉक शेजारी ठेवलं तर ते त्या कपाटातूनच पळालेलं वाटतं. पण वस्तूंवरून हा संबंध आपण लावतो आहोत. ब्रिटनमध्ये मात्र तो कागदोपत्री, ठरवून, सरकारी मदतीनं लावला गेला.

हेलन मेगॉ या केंब्रिजमध्ये स्फटिकांचा अभ्यास करत. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते आतल्या अणूंवर आपटून ठराविक दिशांना विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून अणूंची मांडणी काढता येते. ती मांडणी कागदावर काढली की समोर येते ती नक्षी: ठिपके, वलयं, त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि तीच आकृती पुन्हा पुन्हा. युद्ध संपता संपताच मेगॉ यांच्या मनात आलं की भिंतीवरच्या कागदाला आणि पडद्यांना हे किती शोभेल. पुढे त्यांच्याच सल्ल्यानं ब्रिटिश सरकारच्या औद्योगिक डिझाइन परिषदेतले मार्क हार्टलँड थॉमस यांनी २८ कारखान्यांना एकत्र आणलं. १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लंडनला थेम्सकाठच्या रेगाटा रेस्टॉरंटात लोक इन्सुलिन आणि हिमोग्लोबिनच्या नकाशांनी वेढलेल्या दालनात जेवले. स्फटिकांचे हे आराखडे देणाऱ्यांमध्ये डोरोथी हॉजकिन होत्या, मॅक्स पेरुट्झ होते. दोघांनाही नोबेल पुढे मिळालं. मेगॉ यांना फक्त नक्षी सुंदर दिसावी एवढंच नको होतं, ती अचूकही हवी होती. कारखान्यांच्या चित्रकारांनी अणू इकडेतिकडे सरकवलेले त्यांना खपत नसत.

खरं सांगायचं तर या प्रयोगातले बरेच नमुने मला शाळेच्या फळ्यावरून उचलल्यासारखे वाटतात. शास्त्राचा मान राखता राखता कापडाचा जीव गुदमरला. पण त्यांनी दार उघडलं. अणू या शब्दानं सहा वर्षांपूर्वी हिरोशिमाची राख पाहिली होती. तो शब्द आता पडद्यावर बुट्टी होऊन घरात शिरत होता. भीती घालवायची एक रीत म्हणजे तिच्यासोबत जेवायला बसणं. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात तर लोखंडाच्या स्फटिकाचा एक घटक १६५ अब्ज पट मोठा करून उभा केला, नऊ गोळ्यांचा, १०२ मीटर उंच, आणि लोक त्याच्या पोटात सरकत्या जिन्यानं फिरून आले.

आता कापड. घड्याळापेक्षा मला या कथेतला हा भाग जास्त आवडतो, कारण किरणांची खरी परीक्षा कापडावर होते.

घड्याळ एकच असतं आणि भिंतीच्या मधोमध राज्य करतं. कापडावर तोच सूर्य हात-दीड हातावर पुन्हा येतो. एकाचे चाळीस झाले की सूर्य उरत नाहीत, ठिपके उरतात. त्यात पडदा सरळ टांगत नाहीत, त्याला चुण्या पडतात. अर्धा सूर्य चुणीत गडप. म्हणून चांगल्या डिझायनरनं कापडावर एकसारखे सूर्य रांगेत लावलेच नाहीत. लहान-मोठे केले, काहींचे किरण दुसऱ्याच्या अंगावर गेले, काही नुसतेच रेघांनी जोडले, आणि शेजारच्या रांगेतला नमुना अर्धा खाली सरकवला, म्हणजे डोळ्याला आडव्या ओळी दिसू नयेत. पैठणीच्या अंगभर पसरलेल्या बुट्ट्या विणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सोफ्याला कापड चढवणाऱ्याची एक सोयही त्यात होती. किरणांच्या बुट्टीला खाली-वर नसतं. कापड कसंही फिरवून बेतावं, फूल उलटं लागलं अशी तक्रार यायची नाही.

ब्रिटनमध्ये युद्धकाळात आणि नंतरही काही वर्षं सरकारनं ठरवून दिलेल्या नमुन्यांचंच फर्निचर मिळे. त्यावरच्या कापडाची नक्षी मुद्दाम बारीक ठेवलेली, कारण मोठी नक्षी जुळवताना कापड वाया जातं. रंगही मोजकेच. १९५२मध्ये ही योजना संपली, पण लोकांचे डोळे आधीच उपाशी झाले होते. १९५१च्या त्याच फेस्टिव्हलसाठी डिझायनर ल्युसियन डे यांनी ‘कॅलिक्स’ नावाचं कापड केलं: शेवाळी रंगाच्या जमिनीवर पेल्यांसारखे, छत्र्यांसारखे आकार, पिवळे, केशरी, काळे, पांढरे, आणि त्यांना तोलून धरणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा. हील्स या लंडनच्या प्रसिद्ध दुकानाच्या घाऊक शाखेनं ते बाजारात आणलं. हे खपेल याची त्यांना फारशी खात्री नव्हती. त्याच वर्षी मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि कापड वर्षानुवर्षं खपत राहिलं. इतकं, की त्याच्या नकलांचाच एक वेगळा बाजार झाला.

कॅलिक्समध्ये सूर्य नाही. पण त्यातली काडी-आणि-टोक ही जोडी डे यांनी पुढे पुढे वापरली, आणि १९५३ साली हील्ससाठीच ‘डँडेलियन क्लॉक्स’ हे कापड केलं. आपल्याकडे रुईचं बोंड फुटलं की रेशमी केसांची बी वाऱ्यावर तरंगत येते आणि मुलं ‘म्हातारी, म्हातारी’ करत मागे धावतात. इंग्लंडच्या गवतात तशाच म्हाताऱ्यांचा अख्खा चेंडू देठावर उभा असतो. तिथली मुलं त्यावर फुंकर मारतात आणि सगळ्या म्हाताऱ्या उडून जायला किती फुंकरी लागल्या ते मोजतात. जितक्या फुंकरी तितके वाजले. म्हणून त्या चेंडूचं नावच ‘क्लॉक’. हॉवर्ड मिलरच्या कारखान्यानं आकडे काढून टाकण्याच्या कितीतरी आधी बिनआकड्यांचं, काड्या-टोकांचं हे घड्याळ मुलांच्या हातात होतं.

या सगळ्या बारीक रेघा शक्य झाल्या त्या स्क्रीन प्रिंटिंगमुळे. त्याआधी मोठ्या प्रमाणावर छपाई व्हायची ती तांब्याच्या कोरलेल्या रुळांवर. रूळ कोरायला वेळ आणि पैसा इतका लागे की हजारो वार कापड खपण्याची खात्री असल्याशिवाय कारखानदार नव्या नक्षीला हात लावत नसे. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं झिरझिरीत कापड. नको तिथली भोकं बुजवायची आणि रबरी पट्टीनं रंग ओढायचा. खर्च किरकोळ. चारशे वार खपले नाहीत तरी दिवाळं निघत नाही. साहजिकच डोकं फिरलेल्या नक्षींना संधी मिळाली.

स्क्रीनचा एक दोष असतो. प्रत्येक रंगाची चौकट वेगळी, आणि दुसरा रंग पहिल्याच्या जागेवर तंतोतंत बसेलच असं नाही, केसभर सरकतो. जुन्या पद्धतीच्या गुलाबाच्या पाकळीत असा सरकलेला रंग म्हणजे माल बाद. या काळच्या डिझायनरांनी काय केलं? रंगाचा ठिपका मुद्दामच रेघेच्या बाहेर टाकला. पिवळा डाग एकीकडे, त्याच्यावरचा काळा तारा थोडा दुसरीकडे. मग केसभर सरकला काय आणि बोटभर सरकला काय, कुणाला कळतं! आज ज्याला ‘फिफ्टीजचा लूक’ म्हणतात त्यातला मोकळेपणाचा बराचसा वाटा छपाईच्या टेबलावरच्या या सोयीचा आहे. तुमच्या आजीच्या पेटीत त्या काळातली एखादी छापील साडी किंवा टेबलक्लॉथ असेल तर भिंग घेऊन बघा. रंग आणि रेघ यांची कशी फारकत झालीय ते दिसेल.

रेघांची ही चळवळ चाललेली असताना एका माणसानं सूर्याला त्याचा चेहरा परत दिला. अलेक्झांडर जिरार्ड. जन्म न्यूयॉर्कचा, वाढले फ्लॉरेन्समध्ये, आणि १९५२पासून हर्मन मिलर कंपनीच्या कापड विभागाचे प्रमुख. बाकीचे डिझायनर प्रयोगशाळेत डोकावत होते तेव्हा हे जत्रेत फिरत होते. मेक्सिकोतली मातीची सूर्यमुखं, खेळणी, बाहुल्या, भरतकाम, जे दिसेल ते गोळा करायचं. न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथल्या लोककला संग्रहालयाला त्यांनी १९७८मध्ये आपला संग्रह दिला तेव्हा त्यात लाखाहून जास्त वस्तू होत्या, भारतातल्याही. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये टाइम-लाइफच्या इमारतीत ‘ला फोंदा देल सोल’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं. शब्दशः अर्थ सूर्याची खानावळ. आतलं सगळं जिरार्ड यांचं: भिंती, फरश्या, मेन्यूकार्ड, काडेपेट्या, वाढप्यांचे कपडे. आणि जिथे नजर जाईल तिथे सूर्य. हसणारे, पेंगणारे, मिशावाले, चौकोनी. एकही सूर्य दुसऱ्यासारखा नाही. बर्निनीपासून सुरू झालेला गंभीरपणा या खानावळीत कायमचा उतरला, असं मला वाटतं.

जिरार्ड यांच्या भारताशी असलेल्या नात्याचा परिणाम आपल्यावर झाला. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचं आणि अलंकारकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. मांडणी जिरार्ड यांची: काल्पनिक बाजार उभा केला, पाण्याच्या लांबट हौदावर साड्या टांगल्या, आणि आरशांत त्यांचं प्रतिबिंब दुणावलं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा पडद्यावर झळकला तो याच प्रदर्शनाच्या निमित्तानं. तिथेच भारतीय हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर आणि चार्ल्स ईम्स यांची भेट झाली. मग भारत सरकारनं ईम्स दांपत्याला बोलावलं, १९५८मध्ये त्यांनी आपला ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला, आणि १९६१मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात ईम्स यांनी भारतातली सर्वोत्तम वस्तू म्हणून ज्याचं गुणगान केलं तो आपला साधा लोटा. किरण नाहीत, टोकं नाहीत, नक्षीचा मागमूस नाही. चांगल्या डिझायनरला कधी थांबायचं तेही कळतं.

साठचं दशक उलटलं तसे हे सूर्य स्वस्त होत गेले. ‘कर्टिस जेरे’ अशा सहीची धातूची भिंतशिल्पं दुकानादुकानांत आली; या नावाचा माणूस कधीच नव्हता, कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स या दोघांची नावं जोडून तो केला होता. लास व्हेगासच्या वेशीवरच्या १९५९च्या ‘वेलकम’ पाटीवर बेटी विलिस यांनी बसवलेला निऑनचा तारा मात्र अजून लकाकतो. त्यांनी त्या पाटीचे हक्क कधी नोंदवलेच नाहीत, म्हणून ती जगभरच्या मगांवर आणि टी-शर्टांवर फुकट फिरते.

आज कुठल्याही फर्निचरच्या दुकानात सोनेरी काड्यांचे सूर्यआरसे ढिगानं मिळतात. घ्यायचाच असेल तर एक सांगतो. सगळे किरण एकाच लांबीचे, एकाच जाडीचे आणि मोजून मापून बसवलेले असतील तर खुशाल पुढच्या दुकानात जा. तो सूर्य नाही, सायकलचं चाक आहे. थोडं लांब-आखूड, टोकाला काहीतरी घडणारं आणि मध्ये भरपूर मोकळी हवा असलेलं शोधा.

हार्पर यांनी १९६३ साली नेल्सन यांचं कार्यालय सोडलं. न्यूयॉर्कजवळच्या राय गावातल्या आपल्या घरी ते संध्याकाळी कागद, पुठ्ठा, काड्या असल्या क्षुल्लक वस्तूंपासून शिल्पं करत बसायचे. घर भरून गेलं, पण एकही शिल्प विकलं नाही. २०१५ साली, ९९व्या वर्षी ते गेले. बॉल क्लॉक आजही नवं कोरं मिळतं. स्वित्झर्लंडची व्हिट्रा कंपनी ते बनवते. यादीत डिझायनरच्या रकान्यात नाव असतं जॉर्ज नेल्सन.